बाळाची कावीळ आणि घरातला निळा दिवा

एडिसन, न्यू जर्सी
१८ जानेवारी

ती. बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

"कावीळ झालेल्या पाच दिवसांच्या लेकराला घरी कसे ठेवलेत?" असे बाबांनी फोनवर विचारले तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, कारण त्याच वेळी बाळाची टाच टोचून रक्त घ्यायला नर्स आली होती. आता बाळ बरे आहे, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनीचे दिवस भरत आले आहेत, आणि कऱ्हाडलाही काविळीवरचे असे निळे दिवे भाड्याने मिळतात असे दादा म्हणाला, तेव्हा हे पत्र त्यालाही वाचायला द्या.

आपल्याकडे बाळाला "लाइटखाली ठेवले" म्हणतात, तोच हा उपचार. आमच्याकडे आलेले साधन म्हणजे पाटीएवढी एक मऊ गादी होती, आणि तिच्यातून निळा उजेड येत असे. त्या उजेडाने कातडीतल्या बिलिरुबिनचे, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचे, रूप बदलते आणि यकृताची वाट न पाहता ते शी-शूतून बाहेर पडते. उजेड थेट कातडीवर पडायला हवा. पहिल्या रात्री सासूबाईंनी थंडीच्या काळजीने गादीवर दुपटे अंथरले होते. नर्सने ते हळूच काढले, बाळाची उघडी पाठ गादीला टेकवली आणि वरून पांघरूण घातले. तेव्हा पांघरुणातून निळा उजेड झिरपू लागला. मला सर्वांत मोठा आधार हा वाटला की बाळाला गादीसकट मांडीवर घेऊन पाजता येत होते. इस्पितळात ते पेटीत आणि मी खुर्चीत, असे झाले असते.

पण घरी ठेवणे ही आमची हौस नव्हती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२२ मध्ये याचे निकष घालून दिले आहेत: बाळ किमान ३८ आठवड्यांचे आणि जन्माला ४८ तास उलटलेले असावे, नीट पीत असावे, त्याला आधी हा उपचार लागलेला नसावा, आई-बाळाचा रक्तगट न जुळण्यासारखा धोका नसावा, आणि बिलिरुबिन उपचाराच्या रेषेपेक्षा, म्हणजे ज्या आकड्याला उपचार सुरू करतात त्यापेक्षा, डेसिलिटरमागे फार तर १ मिलिग्रॅमने जास्त असावे. आमच्या बाळाचे अर्ध्या मिलिग्रॅमने जास्त होते. शिवाय साधन विनाविलंब मिळावे आणि रक्त रोज तपासले जावे, असेही त्यात आहे.

खरी अडचण इथेच आली. शुक्रवारची दुपार होती. विमा कंपनीची मंजुरी यायला चार तास लागले, आणि साधन पुरवणाऱ्यांनी सोमवारी देऊ म्हणून सांगितले. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत सांगितले की रात्रीपर्यंत गादी आली नाही तर बाळाला दाखल करायचे, सोमवारची वाट पाहायची नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, पण त्यांचेच बरोबर होते. कारण बिलिरुबिन फार चढले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. दुसऱ्या एका पुरवठादाराकडून रात्री आठला गादी आली. रविवारी नर्स येत नाही असे ऐन वेळी कळले, तेव्हा बर्फातून गाडी काढून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत जावे लागले. ज्यांच्याकडे गाडी नाही, किंवा ज्या घरात इंग्रजी माहितीपत्रक वाचणारे कोणी नाही, त्यांनी काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. ह्यांनी सासूबाईंसाठी सगळ्या सूचना मराठीत लिहून फ्रिजवर लावल्या, आणि एका वहीत दूध, शू, शी आणि ताप यांची नोंद आम्ही पाळीपाळीने ठेवली. तिसऱ्या दिवशी गादी बंद केली, आणि बिलिरुबिन पुन्हा चढत नाही ना हे पाहायला दुसऱ्या दिवशी आणखी एकदा टाच टोचली.

आई, काविळीच्या बाळाला कोवळ्या उन्हात धरावे असे तू म्हणालीस, ते निराधार नाही. १९५६ मध्ये इंग्लंडमधील रॉचफर्डच्या रुग्णालयात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत असत. चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला कातडीचा तुकडा तेवढा पिवळा राहिला, हे त्यांनीच डॉक्टरांना दाखवले आणि त्यातून हा उपचार निघाला. पण उन्हाचे माप घेता येत नाही, आणि नाजूक कातडी भाजते किंवा बाळ गारठते. म्हणून आता उन्हावर भिस्त ठेवत नाहीत.

दादाला माझे कळकळीचे सांगणे आहे की दिवा मिळतो का, हे शेवटी विचारावे. आधी विचारावे की बिलिरुबिन रोज कोण तपासणार, अहवाल त्याच दिवशी मिळणार का, आणि आकडा चढला तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा. गावात आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, ती मोठीच सोय आहे. पण बिलिरुबिन मोजायचे साधन त्यांच्याजवळ नसते, आणि सावळ्या बाळाचा पिवळेपणा नुसत्या डोळ्यांनी नीट कळत नाही. बाळ सुस्त पडले, प्यायला उठेना, किंवा पाठ ताणून कर्कश रडू लागले, तर घरी न थांबता थेट इस्पितळ गाठावे.

वहिनीचा रक्तगट कळवा. तो ओ किंवा निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आजच सांगून ठेवा. आणि आई, ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी वहिनीसाठी काढशील तेव्हा त्यांत डांबरगोळ्या असतील तर त्या आत्ताच काढून टाक आणि कपडे दोनदा धुऊन वाळव. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असते, आणि अशा बाळांची कावीळ त्या गोळ्यांच्या वासानेही एकदम वाढू शकते.

तुमची,
माई