वॅट वाचले, रंगाचं कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की वीज वाचवण्याचे सल्ले चहूकडून सुरू होतात. जुने दिवे काढा, एलईडी लावा, बिल कमी करा. सल्ला बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण छतात बसवलेल्या हॅलोजन स्पॉटचं, म्हणजे खाली झोत टाकणाऱ्या छोट्या दिव्यांचं, काय करायचं, हे त्यात कुठेच नसतं. होल्डरमधला गोल बल्ब कुणीही बदलेल. स्पॉटचं तसं नाही, आणि हौसेने पीओपी करून घेतलेल्या घरांत अजूनही हेच दिवे मीटर पळवत असतात. म्हणून हे पत्र.

मी इंदिरानगरला राहते. घरीच साड्यांचं फॉल-बिडिंग, गोंडे आणि रफू करते. येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे नाशिकमध्ये पैठणी नसलेलं घर विरळा. लग्नसराई जवळ आली की कपाटाच्या तळातल्या पैठण्या वर येतात. एखादीच्या पदराला कसर लागलेली असते, एखादीच्या काठाची जर सुटलेली असते, एखादी खिळ्याला अडकून फाटलेली असते. रफूचं काम हाताचं कमी आणि नजरेचं जास्त. धाग्याची छटा जराशी जरी हुकली, तरी टाके कितीही बारीक घाला, ती जागा डोळ्यात भरतेच.

आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकांनी हॉलच्या छतात आठ हॅलोजन बसवून ठेवलेले होते, पन्नास-पन्नास वॅटचे. त्यांनी शोभेला लावले, मला कामाला आले. उजेड थेट टेबलावर पडायचा आणि रंग खरा दिसायचा. पण हिशेब मांडला तर ते परवडणारं नव्हतं. आठ दिवे म्हणजे ४०० वॅट. रोज सहा तास धरले तर दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२. त्याच जागी सहा वॅटचे एलईडी लावले तर महिन्याचे नऊ युनिटही होत नाहीत. म्हणजे त्रेसष्ट युनिट वाचतात, आणि तीही वरच्या टप्प्यातली. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात. टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटांना चढा दर लागतो. त्यामुळे वाचणारं युनिट नेहमी सगळ्यात महागातलं असतं. बिलातले हे टप्पे किती जण वाचतात कोण जाणे, आमच्या इमारतीत तरी सगळे फक्त शेवटचा आकडा बघतात.

उष्णतेचं तर विचारू नका. हॅलोजन जेवढी वीज घेतो त्यातल्या जेमतेम दहाव्या हिश्शाचा उजेड होतो, बाकी सगळी आच. मे महिन्यात डोक्यावर ४०० वॅटची शेगडी पेटवून रफूला बसायचं आणि तीच आच बाहेर काढायला पंखा किंवा एसी लावायचा. बरं, ही आच खालीच येते असंही नाही. या दिव्याच्या मागे जी चमकणारी रंगीत काच असते, ती उजेड पुढे फेकते आणि बरीचशी उष्णता मागे सोडते, म्हणजे थेट छताच्या पोकळीत. आमचे दिवे काढले तेव्हा वायरमनने मला शिडीवर बोलावून दाखवलं. होल्डरपाशी वायरचं आवरण तपकिरी पडून कडक झालं होतं, बोटाने दाबलं की पापुद्रे निघत होते. आत तांब्याची तार उघडी. वीज वाचवण्याचं कुणाला महत्त्व वाटत नसेल, तर निदान एवढ्यासाठी तरी छतात एकदा डोकावून बघा.

आता ज्याच्यामुळे लोक वैतागून एलईडीचा नाद सोडतात, त्याबद्दल. स्पॉटमध्ये दोन जाती आहेत. एक थेट २३० व्होल्टवर चालते. तिच्या पिना जाड, टोकाला बोंड असलेल्या, बसवताना फिरवून अडकवायच्या. दुसरी १२ व्होल्टची. तिच्या पिना सुईसारख्या बारीक, सरळ खुपसायच्या. या दुसऱ्या जातीच्या मागे छतात २३० व्होल्टचे १२ करणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो, आणि तो कुणालाच दिसत नसल्यामुळे कुणाला आठवत नाही. दुकानातून बारीक पिनांचा एलईडी आणला आणि जुन्या जागी खुपसला की तो कधी लुकलुकतो, कधी पेटतच नाही. मग घरातले म्हणतात, एलईडी म्हणजे सगळा फसवा माल.

माल बहुतेक वेळा चांगला असतो. अडचण अशी की जुन्या इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरला नीट चालायला कमीत कमी काही भार लागतो. त्याच्या अंगावर तसं लिहिलेलंही असतं. आमच्याकडच्यावर २० ते ५० वॅट असं होतं. त्याला सहा वॅटचा दिवा जोडला तर तो चालणार कसा? उपाय दोनच. तो ट्रान्सफॉर्मर काढून १२ व्होल्टचा एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीसाठीच बनवलेला वीजपुरवठ्याचा डबा, टाका, नाहीतर आख्खं फिटिंग बदलून थेट २३० व्होल्टवर चालणारा दिवा बसवा. आम्ही दुसरा उपाय केला. मेन स्विच बंद करून, आणि वायरमनकडूनच. यूट्यूब बघून घरच्या घरी हे करायला जाऊ नये. १२ व्होल्टचा दिवा चुकून २३० वर लागला तर जे होतं ते बघायची हौस कुणाला नसावी. कुणाकडे डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, असेल तर डिमरला चालणारा एलईडी मागून घ्यावा, आणि तरीही जुना डिमर बदलावा लागू शकतो हे धरून चालावं.

हे सगळं एकदा मार्गी लागलं की मुख्य प्रश्न येतो, रंगाचा. दुकानात जाऊन स्पॉटचा एलईडी मागितला की समोर येतो तो पांढराफटक, खोक्यावर ६५०० के लिहिलेला. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या छटेचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा. मी पिवळा मागितला तर दुकानदार म्हणाले, “पिवळा? ताई, तो देवघराला नेतात.” हॅलोजनचा उजेड साधारण ३००० के असतो, त्याच्याजवळ जाणारा एलईडी तितक्याच आकड्याचा घ्यायला हवा, ही साधी गोष्ट. पण ती सांगितली नाही तर माणूस ६५००वाला नेतो, हॉल दवाखान्यासारखा दिसायला लागतो आणि पुन्हा एलईडीच्याच नावाने खडे फोडतो.

माझी अडचण याच्याही पुढची. उजेड पिवळा की पांढरा हे एक, आणि त्या उजेडात रंग खरे दिसतात की नाही हे वेगळंच. एका गिऱ्हाइकाची अंजिरी पैठणी रफूला आली होती. नव्या एलईडीखाली मी तीन रिळं लावून बघितली. त्यातलं एक असं मिळालं की धागा कापडावर ठेवला तर दिसेना. तीच साडी आणि तेच रीळ गॅलरीत नेलं, तर धागा चक्क विटकरी. साडीचा रंग एका रसायनाचा, धाग्याचा दुसऱ्या. एका उजेडात दोन्ही सारखे दिसतात, दुसऱ्यात फारकत घेतात. त्यातून पैठणीत धूपछाव असली, म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, तर विचारायलाच नको. मोरपंखी साडी वाईट उजेडात नुसती निळी दिसते, तिच्यातला हिरवा हरवतो.

कारण शोधलं तेव्हा कळलं ते असं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्याच्यावर पिवळा लेप देऊन तो पांढरा करतात. स्वस्त दिव्यात या मिश्रणात गडद लाल फार थोडा उरतो, म्हणून लाल, अंजिरी, कुसुंबी हे रंग मेल्यासारखे दिसतात. दिव्याखाली रंग किती खरा दिसतो हे सांगणारा एक आकडा आहे, सीआरआय. हॅलोजनचा तो जवळजवळ १००. नेहमीच्या एलईडीचा ८०च्या आसपास, चांगल्याचा ९०च्या वर. तोही आकडा पुरता विश्वासाचा नाही, कारण तो काढताना आठ फिकट रंगच तपासतात. गडद लालसाठी आर-नाइन नावाचा वेगळा आकडा असतो, तो मी अजून एकाही खोक्यावर पाहिलेला नाही.

स्टार लेबलही इथे कामाचं नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारे सांगतात एका वॅटमागे किती उजेड मिळतो ते. उजेड कसा, हे तारे सांगत नाहीत. २०१५ साली उजाला योजना आली, स्वस्तात नऊ वॅटचे बल्ब मिळाले, घराघरांतले पिवळे बल्ब गेले, हे फार चांगलं झालं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडवरून जाताना दिसतात, तिथे कोळसा जळतो तेव्हा आपल्या हॉलमधला दिवा लागतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. पण त्या सगळ्या मोहिमेत सवय लागली ती फक्त वॅट मोजायची.

शेवटी मी टेबलावरच्या तीन जागी ४००० के आणि ९०च्या वर सीआरआय असलेले दिवे लावले, बाकीच्या पाच जागी ३००० केचे साधे. टेबलावरचे दिवे जवळपास दुप्पट भावाने पडले. ते पैसे मला जड गेले नाहीत, पण ते मागवून घ्यावे लागले. दुकानात ठेवलेलेच नव्हते. साड्यांना मात्र एक फायदा निश्चित झाला. हॅलोजनची आच आणि त्यातली थोडी अतिनील किरणं, दोन्ही रेशमाला वाईट. संग्रहालयांत रेशमावर ५० लक्सहून (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. रफूला एवढ्या मंद उजेडात बसता येत नाही, पण निदान दिव्याखाली पसरलेली साडी आता हाताला गरम लागत नाही.

मेन रोड, शालिमार भागातल्या दिव्यांच्या दुकानदारांना माझं एकच मागणं आहे. दुकानात एका फळीवर ३०००, ४००० आणि ६५०० केचे दिवे शेजारी शेजारी पेटते ठेवा, त्यात एक ९०च्या वरचा असू द्या, आणि खाली गिऱ्हाइकाला स्वतःचं कापड धरून बघू द्या. साड्यांच्या दुकानात आपण साडी दारात नेऊन उजेडात बघतोच, तिथे कुणी अडवत नाही. गिऱ्हाइकाने स्पॉट मागितला की आधी पिना जाड की बारीक एवढं विचारा. आणि संपादक महोदय, आपल्या पानावर यापुढे वीजबचतीचा सल्ला छापाल तेव्हा वॅटच्या शेजारी के आणि सीआरआय हे दोन आकडेही छापावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक