आवाज गेला म्हणजे पडदाच गेला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विंडोज 10 ला मिळणारा कंपनीचा आधार, म्हणजे नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. तेव्हापासून ‘जुना संगणक मोडीत काढा, नवा घ्या’ असा सल्ला सगळीकडून ऐकू येतो, आपल्या वर्तमानपत्रातूनही. सुरक्षेचं म्हणणं मला मान्य आहे. पण या सल्ल्याच्या आडून एक वेगळीच सवय बळावली आहे. जुन्या यंत्राचं काहीही बिघडलं की उघडून न बघताच ‘बोर्ड (आतली मुख्य पाटी) गेला’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यातही आवाज बंद पडणं हे दुकानदारांच्या लेखी दुखणंच नाही. म्हणून हे पत्र.

मला जन्मापासून दिसत नाही. एका सरकारी कार्यालयात दूरध्वनी चालक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. वर्तमानपत्र, बँकेचं विवरण, मुंबईच्या बहिणीची ई-पत्रं, सगळं मी संगणकावर ऐकतो. त्यासाठी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध प्रोग्रामरांनी तो उभा केला, 2006 पासून, आणि तो फुकट आहे. त्याचं मराठी यंत्रासारखं कोरडं आहे, पण कान सरावले की भरभर ऐकता येतं. माझ्या घरी मॉनिटर आहे तो पाहुण्यांसाठी. माझा मॉनिटर म्हणजे साउंड कार्ड, संगणकातला आवाज काढणारा भाग.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी संगणक सुरू केला आणि एनव्हीडीएची सुरुवातीची धून आलीच नाही. जुन्या संगणकाच्या डब्यात एक बारीक बझर असतो, तो सुरू होताना ‘टूं’ करतो. तो वाजला होता. त्याचा साउंड कार्डाशी संबंध नसतो, त्यामुळे एवढं कळलं की यंत्र जिवंत आहे, फक्त बोलत नाही. दुकानात फोन केला. उत्तर आलं, “काका, साउंडच गेलाय ना? नेट, टायपिंग सगळं चालतंय की. सवडीने आणा.” अंध माणसाला हे वाक्य कसं ऐकू येतं ते लिहायची गरज नसावी. नेऊन दिल्यावर डबा उघडलादेखील नाही. ऑनबोर्ड साउंड, म्हणजे बोर्डावरचीच आवाजाची चिप, उडालीय, या मॉडेलचा बोर्ड आता मिळत नाही, नवा घ्या, एवढं सांगून परत पाठवलं.

मग मी आणि माझा भाचा घरीच बसलो. काय काय तपासलं ते थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे डोळ्यांपेक्षा बोटं आणि कान जास्त उपयोगी पडतात.

आधी स्पीकर. त्यांची वीज चालू ठेवून पिन संगणकातून काढली आणि तिच्या टोकाला बोट लावलं. ‘घूं’ असा आवाज आला, म्हणजे स्पीकर आणि वायर ठीक. मग पिन परत खोचायची. फोनवर मदत करणारे सगळे म्हणतात, ‘हिरव्या भोकात लावा.’ 1990 च्या दशकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने रंग ठरवून दिले तेव्हापासून स्पीकरला हिरवा, माइकला गुलाबी, लाइन-इनला निळा ही पद्धत पडली. माझ्या काय कामाची? पण बहुतेक जुन्या बोर्डांवर मागे ही तीन भोकं एकाखाली एक असतात आणि स्पीकरचं मधलं असतं. ‘तिघांतलं मधलं’ एवढं सांगितलं तर काम होतं, आणि ते डोळस माणसालाही टेबलाखाली वाकून रंग शोधण्यापेक्षा सोपं पडतं.

पिन खोचताना स्पीकरमधून ‘टक’ झालं, पुढे शांतता. पुढचा संशय मॉनिटरच्या केबलवर. मागे एका मित्राकडे असंच झालं होतं. मुलाने नवा मॉनिटर आणून एचडीएमआय केबलने जोडला आणि विंडोजने सगळा आवाज मॉनिटरकडे पाठवायला सुरुवात केली. त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते! तिथे केबल काढताच आवाज परत आला होता. माझ्याकडे केबल जुनीच, निळ्या व्हीजीएची, तिच्यातून आवाज जातच नाही. तो प्रश्न मिटला.

खरा निकाल लागला तो पेन ड्राइव्हवर. भाच्याने उबुंटू लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली पेन ड्राइव्हवर घेतली आणि हार्ड डिस्कला हात न लावता संगणक त्यावरून सुरू केला. मी विंडोजचं बटण, ऑल्ट आणि एस एकत्र दाबलं. त्याने ओर्का नावाचा तिथला स्क्रीन रीडर सुरू होतो. ओर्का बोलला! इंग्रजीत बोलला, पण माझ्या त्याच स्पीकरमधून आणि त्या ‘उडालेल्या’ चिपमधून. ज्या बोर्डासाठी मला नवा संगणक घ्यायला सांगितलं होतं तो बोर्ड धडधाकट होता. दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजला ती चिप चालवायला लावणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. ही तपासणी कुठल्याही दुकानात चहा येईपर्यंत होते.

आता विंडोजमध्ये जाऊन ड्रायव्हर दुरुस्त करायचा, पण ते करायला ऐकू यायला हवं, आणि ऐकू येण्यासाठी ड्रायव्हर हवा. हा तिढा सुटला तो अंगठ्याएवढ्या यूएसबी साउंड कार्डाने. दोनतीनशे रुपयांत मिळतं. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, खोचलं की विंडोज सहसा आवाज आपणहून तिकडे वळवतो. खोचलं, इअरफोन लावला आणि एनव्हीडीए बोलायला लागला. तिथून पुढे मला कुणाची गरज नव्हती. विंडोजचं बटण आणि एक्स, मग एम, की डिव्हाइस मॅनेजर उघडतो. रिअलटेकच्या (माझ्या आवाजाच्या चिपची कंपनी) नावावर जाऊन ड्रायव्हर मागे फिरवायचा, म्हणजे त्याची आधीची आवृत्ती आणायचा पर्याय पाहिला, तो निष्क्रिय होता. तेव्हा त्याच जागी मायक्रोसॉफ्टचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओ ड्रायव्हर निवडला आणि संगणक पुन्हा सुरू केला. धून आली.

प्रत्येक वेळी असंच निघेल असं नाही. आमच्या चिपळूणच्या दमट हवेत बोर्डाच्या खाचेत वेगळं लावलेलं जुनं पीसीआय साउंड कार्ड असेल तर त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. वीज काढून, कार्ड बाहेर घेऊन त्या पट्ट्या खोडरबराने पुसल्या की पुष्कळदा भागतं. कधी बोर्डावरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग) फुगलेले असतात, आणि तेव्हा दुकानदाराचं ‘बोर्ड गेला’ खरंही असतं. माझं म्हणणं एवढंच की ते बघून सांगावं.

2011 च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या पन्नास लाखांवर नोंदली गेली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान आम्हाला वापरता यावं यासाठी स्वतंत्र कलम आहे. तो कायदा दुरुस्तीच्या टेबलापर्यंत कधी पोहोचेल ते पोहोचो. तोपर्यंत दुरुस्ती करणाऱ्यांना दोन विनंत्या. अंध गिऱ्हाइकाचा आवाज गेला असेल तर ‘पडदा काळा पडलाय’ असं समजून ते काम आधी घ्या. आणि दुकानात एक यूएसबी साउंड कार्ड उसनं द्यायला ठेवा. संगणक तुमच्याकडे आठवडाभर पडून राहण्याऐवजी घरी चालू राहील, आणि निम्म्या वेळा आम्हीच तो दुरुस्त करू. वाचनालयं आणि परीक्षा केंद्रांनीही असं एखादं कार्ड खणात ठेवावं. पेपर सुरू असताना आवाज गेला तर अंध विद्यार्थ्याचा वेळ चालूच राहतो.

एक मागणं आपल्याकडेही आहे. हे पत्र छापलंत, किंवा कुणी दुकानदाराने त्याला उत्तर दिलं, तर ते संकेतस्थळावर मजकुराच्या रूपात टाकावं. ई-पेपरचं पान हे नुसतं चित्र असतं, आणि माझा एनव्हीडीए तिथे ‘ग्राफिक’ एवढंच म्हणतो.

आपला,
एक निवृत्त दूरध्वनी चालक,
चिपळूण