कॅड शिकवताना हलणारे पार्टही हलवून दाखवा

संपादक महोदय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की कॅड (कॉम्प्युटरवर डिझाईन) कोर्सच्या जाहिराती सुरू होतात, तीन महिन्यात डिझायनर, जॉब गॅरंटी वगैरे. मी भोसरी एमआयडीसीत फिक्श्चर (काम चालू असताना पार्ट जागेवर पकडून ठेवणारं साधन) डिझाईनचं काम करतो, दरवर्षी दोन-तीन ट्रेनी माझ्या हाताखाली येतात, म्हणून हे पत्र लिहितोय. मुलं हुशार असतात, पार्ट मॉडेल झकास करतात, असेम्ब्लीत (सगळे पार्ट जोडलेलं मॉडेल) सगळे मेट (पार्ट एकमेकांना बांधणाऱ्या अटी) लावून रंगबिरंगी चित्र पण काढतात, पण क्लॅम्प (पार्ट दाबून धरणारा हात) 20 डिग्रीला असताना त्याचं टोक नेमकं कुठे आहे ते सांग म्हटलं की गप्प बसतात, कारण क्लासमध्ये कुणी हे विचारलेलंच नसतं.

मागच्या वर्षीचंच सांगतो. वेल्डिंग फिक्श्चरचं काम होतं, हवेच्या सिलेंडरवर चालणारा क्लॅम्प, आर्म उभा असला की उघडा आणि आडवा झाला की बंद. पिव्हटपासून (आर्म जिथे फिरतो तो बिंदू) आर्मच्या टोकाला असलेल्या पॅडच्या तोंडापर्यंत 120 मिमी आणि समोरची लोकेटिंग प्लेट 122 मिमीवर, म्हणजे बंद असताना 2 मिमी गॅप. ट्रेनी पोराने उघडी पोझिशन चेक केली, बंद पोझिशन चेक केली, दोन्हीकडे इंटरफरन्स (पार्ट एकमेकांत घुसणं) शून्य, मी पण घाईत ड्रॉइंगवर सही केली. ट्रायलला हवा सोडली आणि बंद व्हायला साधारण 29 डिग्री बाकी असताना पॅडचा खालचा कोपरा खाडकन प्लेटवर बसला. गणित तर शाळेतलंच होतं, कोपरा आर्मच्या मध्यरेषेपासून 35 मिमी खाली, म्हणजे पिव्हटपासून त्याचं अंतर 120 चा वर्ग अधिक 35 चा वर्ग याचं वर्गमूळ, बरोब्बर 125. तो कोपरा 125 च्या वर्तुळात फिरणार आणि प्लेट उभी 122 वर! घरात लोखंडी कपाट आडवं आणता येतं, उभं केलं की बसतंही, पण उभं करताना मध्येच कोपरा माळ्याला अडकतो ना, तसंच झालं. प्लेट कापायला परत मशीनवर चढवावी लागली, दोन दिवस गेले, आणि चूक पोराइतकीच माझी होती कारण मधल्या पोझिशन मी पण बघितल्या नाहीत.

त्यानंतर मी ट्रेनीला सांगितलं की आर्म 1-1 डिग्री फिरव आणि प्रत्येक वेळी कोपऱ्याचा एक्स-वाय-झेड लिहून काढ. दुपारी तो आला, म्हणे सर आर्म स्क्रीनवर हलतोय पण आकडे बदलतच नाहीत. बघितलं तर पठ्ठ्या आर्मच्या स्वतःच्या ओरिजिनपासून (मोजणीचा शून्य बिंदू) मोजत होता. डेक्कन क्वीनमध्ये बसलेल्या माणसाचा सीट नंबर पुण्यात जो असतो तोच दादरला असतो, तो माणूस कुठे पोचला ते रुळाकडे बघूनच कळतं. असेम्ब्लीत पण प्रत्येक पार्टला स्वतःचा ओरिजिन असतो, सबअसेम्ब्लीला वेगळा, मेन असेम्ब्लीला वेगळा, आणि पोझिशन मोजायची तर जी बेस प्लेट हलत नाही तिच्यापासून मोजायची. त्यात नुसता एक्स-वाय-झेड पुरत नाही, पार्ट किती आणि कोणत्या बाजूला फिरलाय ते पण धरावं लागतं, तीन सरकणं आणि तीन फिरणं अशा एकूण सहा गोष्टी, आणि मेट लावतो म्हणजे त्यातल्याच काही आपण बांधून टाकतो. ही एवढी गोष्ट पहिल्या आठवड्यात डोक्यात बसली तर पुढचा निम्मा गोंधळ होणारच नाही.

शिक्षकांनी वर्गात इंजिनातले क्रँक (फिरणारा दांडा) आणि पिस्टन घेऊन बघावं. क्रँक 50 मिमी, कनेक्टिंग रॉड 200 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची पूर्ण चाल 100. आता मुलांना विचारा की क्रँक वरच्या टोकापासून 90 डिग्री फिरला तर पिस्टन किती खाली आला, जवळपास सगळे 50 म्हणतील. मॉडेल फिरवून मोजलं की 56.35 निघतं, कारण रॉड तिरका होतो. तो आकडा स्वतः मोजलेला पोरगा विसरत नाही, फळ्यावरचा फॉर्म्युला परीक्षा झाली की विसरतो. चार दांडे सांध्यांनी जोडलेली लिंकेज असेल तर अजून एक गंमत असते, त्याच अँगलला ती दोन प्रकारे जुळू शकते, एक सरळ आणि एक फुलीसारखी, आणि माउसने जोरात ओढली तर सॉफ्टवेअर कधीकधी सरळवरून फुलीवर उडी मारतं. म्हणून छोट्या स्टेपने फिरवायचं आणि टोकाच्या आकड्यांचा एक्सेलमध्ये ग्राफ काढायचा, उडी मारली की लगेच दिसते.

सॉफ्टवेअरचं लायसन्स महाग आहे हे कारण पण आता चालणार नाही. फ्रीकॅड फुकट आहे, नोव्हेंबर 2024 ला त्याची 1.0 आवृत्ती आली त्यात असेम्ब्लीचं वर्कबेंच (त्या कामाच्या टूल्सचा संच) सोबतच मिळतं, पार्टमध्ये जॉइंट लावून ओढून बघता येतं, साध्या कॉम्प्युटरवर शिकण्यापुरतं मस्त चालतं. पैसे वाले सॉफ्टवेअर असेल तर त्यात मोशन स्टडीत (हालचाल चालवून बघायची सोय) टोकाचा मार्ग रेघेसारखा उमटवता येतो, ती सोय असून न शिकवणं मला खरंच पटत नाही. आयटीआय आणि डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलला फक्त एक प्रश्न वाढवा, हा क्लॅम्प उघड्यापासून बंदपर्यंत 5-5 डिग्रीने फिरवा, टोकाची पोझिशन लिहा आणि कुठे धडकतो ते सांगा. अर्ध्या तासाचं काम आहे.

आमच्याकडे त्या प्लेटचा कापलेला तुकडा मी ठेवलाय, कोपरा लागला तिथे खूण स्पष्ट दिसते. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो, पिंपरी-चिंचवडमधल्या कुठल्या कॉलेजला मुलांना दाखवायचं असेल तर तो तुकडा आणि मॉडेल घेऊन मी येतो, पैसे नकोत, आपल्या ऑफिसकडून निरोप मिळाला तरी पुरे.

आपला नम्र,
एक फिक्श्चर डिझायनर, भोसरी