त्या आजोबांना नाव असेलच की!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण जपानमधल्या आयनू जमातीच्या एका वृद्ध पुरुषाचे छायाचित्र अर्धे पान देऊन छापलेत, त्याबद्दल आधी आभार. छपाई सुरेख उतरली आहे. छातीवर रुळणारी पांढरी दाढी, डोक्यावर लाकडाच्या तासलेल्या धाग्यांचा मुकुट, त्यावर पुढे कोरलेले इवलेसे अस्वल, सगळे स्पष्ट दिसते. पण खालची ओळ काय, तर 'जपानमधील नामशेष होत चाललेली जमात'! ती वाचून फार वाईट वाटले.

आयनू लोक जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर आजही आहेत. तिथल्याच निबुतानी गावचे कायानो शिगेरू १९९४ साली जपानच्या संसदेत गेले, ते पहिले आयनू खासदार. 'संरक्षणा'चे नाव घेऊन त्यांना जपानी वळण लावणारा १८९९चा कायदा १९९७ साली रद्द झाला आणि २०१९च्या कायद्याने त्यांना मूळ रहिवासी म्हणून मान्यता दिली. जमिनीचा हक्क मात्र त्यातही नाही. ही झगडणारी माणसे आहेत. त्यांना जिवंतपणी नामशेष कसे म्हणायचे?

आणि तो अंगरखा! त्याच्याबद्दल तर अवाक्षर नाही. त्याला अत्तुश म्हणतात. एल्म जातीच्या झाडाची आतली साल काढायची, पाण्यात भिजवून मऊ करायची, तिचे पापुद्रे सुटे करून धागे काढायचे, वळायचे आणि कमरेला ताण देऊन चालवायच्या मागावर विणायचे. हे काम बायकांचे. गळ्याशी, बाह्यांच्या टोकांशी वळणदार नक्षी असते. निबुतानीत हे कापड अजून विणले जाते. २०१३ साली जपान सरकारने त्याला पारंपरिक हस्तकलेचा दर्जाही दिला. चित्रातल्या आजोबांच्या अंगावर कुणा बाईची किती दिवसांची मेहनत असेल!

१९०३ साली ओसाकाच्या प्रदर्शनाच्या वेळी जिवंत आयनू माणसे बघ्यांपुढे मांडली होती. माणसाचे नाव-गाव पुसून नुसता 'नमुना' दाखवायची खोड तेव्हाची आहे. आपल्याकडे कातकरी, वारली म्हाताऱ्यांचे फोटोही 'आदिवासी वृद्ध' एवढ्यावरच छापले जातात, म्हणून हे जास्त लागते.

तेव्हा विनंती अशी, की हे छायाचित्र जिथून मिळाले तिथे विचारून त्या गृहस्थांचे नाव, गाव आणि साल पुढच्या पुरवणीत छापावे. नाव नोंदलेलेच नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. आणि 'नामशेष' हा शब्द मागे घ्यावा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा