गाडी कुठल्या गिअरमध्ये होती?

मा. संपादक,
स. न.

घाटात ट्रेलर उलटल्याची कालची बातमी वाचली. ‘ब्रेक फेल झाल्याने चालकाचा ताबा सुटला’ एवढ्यावर ती आटोपली आहे. ब्रेक का गेले, गाडी कुठल्या गिअरमध्ये होती, हे तुमचे बातमीदार कधीच कसे विचारत नाहीत?

लोणावळ्याहून खोपोलीला येताना गाडी सुमारे 500 मीटर खाली उतरते. वरची स्थितिज ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, नाहीतर वेग वाढतच जाणार. ताशी 40 किमी वेगाचा ट्रक पूर्ण थांबवायला जेवढे कार्य करावे लागते, त्याच्या जवळजवळ 80 पट ऊर्जा हा एक घाट गाडीला देतो. ट्रक रिकामा असो की भरलेला, पट तीच, कारण वस्तुमान दोन्हीकडे येते. टायर आणि हवा त्यातला काही वाटा खातात. तो वजा केला तरी भरलेल्या ट्रकच्या वाट्याला पन्नास पटीहून अधिक उरते. ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली की ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड जाते आणि पाय दाबून काही होत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे एसटीचे जुने चालक सांगत आले आहेत ते याचसाठी. तेव्हा गाडीला इंजिन आवरते, ब्रेक फक्त मदतीला राहतो.

गेल्या हिवाळ्यात आईला मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हणून भाड्याची गाडी केली होती. उतार लागताच चालकाने गाडी न्यूट्रल केली. इंजिनचा आवाज एकदम बसला. मी म्हटले, “दादा, गिअरमध्ये घ्या.” तो म्हणाला, “काका, डिझेल वाचतं. आम्ही रोजच उतरतो.” थोड्या वेळाने करपल्याचा वास सुरू झाला, मग पेडल खोल जाऊ लागले. ब्रेक ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोहोचत नाही. मागे आईने दाराची कडी घट्ट धरली होती. पायथ्याशी कशीबशी गाडी थांबली तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता आणि हा गृहस्थ बाटलीतले गार पाणी डिस्कवर ओतायला निघाला! तापलेली डिस्क अशाने तडकते. त्याला हात धरून थांबवावे लागले. गाडीच्या मालकाकडे तक्रार केली, तर उत्तर मिळाले, “सुखरूप पोहोचलात ना?” हे उत्तर मी अजून विसरलेलो नाही.

शिवाय ज्या डिझेलसाठी हे सगळे चालते तेही वाचत नाही. आजच्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनचा इंधनपुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला इंधन जळतच राहते. एवढी एक गोष्ट तुम्ही ठळक छापलीत तर शेकडो चालकांपर्यंत जाईल.

आणि त्याच पानावरच्या ‘सुरक्षित प्रवास’ चौकटीबद्दल. ‘वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला दुप्पट अंतर लागते’ हे कुणी लिहिले? गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे नववीच्या मुलालाही येते. कोरड्या रस्त्यावर ताशी 50 ला ब्रेक लागल्यापासून साधारण 14 मीटर लागत असतील, तर 100 ला 56 लागतात. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जाणारा सेकंदभर वेगळाच. तेवढ्यात 100 च्या वेगाने गाडी आणखी 28 मीटर पुढे गेलेली असते. समृद्धीवर 120 ची मुभा आहे. 100 ची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे त्याच क्षणी ब्रेक दाबलेली 120 ची गाडी अजून ताशी 66 च्या वेगात असते. तुमच्या चौकटीवर विश्वास ठेवून कुणी पुढच्या गाडीपासून अंतर ठरवले तर काय होईल, याचा विचार करा.

मागे माझ्याच पत्रातल्या मीटरचे तुमच्याकडे फूट झाले होते आणि दुरुस्ती आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली आली होती. या वेळी ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या चौकटीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, तळेगाव दाभाडे