तारे पाहायला जाण्याआधी तिथी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत तारे पाहण्याच्या जागांची यादी दिलीत, त्याबद्दल आभार. पण चोर्ला घाटासाठी सुचवलेला येता शनिवार शुद्ध दशमीचा आहे! त्या रात्री चंद्र दोनच्या सुमारास मावळतो, तोवर आकाशगंगा दिसणं अवघडच. लोक मुलाबाळांना घेऊन घाट चढणार आणि निराश होऊन उतरणार. जागेआधी तिथी बघावी लागते: कृष्ण दशमी ते शुद्ध तृतीया.

चोर्ल्यात तोंड कुठे करायचं, हेही लेखात नाही. पश्चिमेला डिचोली-म्हापशाचा उजेड, ईशान्येला बेळगावचा. काळोख आहे तो आग्नेयेला, भीमगडच्या जंगलावर. आणि एप्रिलअखेरीस वृश्चिक-धनू तिथूनच वर येतात, मध्यरात्रीनंतर छान दिसतात. छायाचित्रात दाखवलंय तसं वळणावर अजिबात थांबू नये. ट्रकांचा धोका आहेच, शिवाय दर हेडलाइटगणिक डोळे दिपतात. दिवसाउजेडी जागा हेरावी, मालकाला विचारून रस्त्यापासून आत सड्यावर (उघड्या खडकाळ पठारावर) बसावं. डोळे अंधाराला सरावायला किमान २० मिनिटं लागतात, मोबाइल एकदा पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधावा. १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे दुर्बीण, पुरते. भिंगावर दव धरलं तर पुसू नये, चरे पडतात. भिंगापुढे काळ्या कागदाची नळी आधीच बसवावी.

मोले यादीत का घातलं, कळत नाही. अभयारण्यात रात्री प्रवेश नाही आणि झाडांमुळे आकाशही दिसत नाही.

गालजीबागेच्या किनाऱ्यावरून त्रिशंकू (दक्षिण आकाशातला 'सदर्न क्रॉस' तारकासमूह) 'सहज' दिसतो, हेही पटत नाही. रात्री साडेदहा-अकराला तो सर्वांत वर असतो तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम १२ ते १८ अंश, आणि दक्षिणेला कारवारचा उजेड. समुद्रावरच्या दमट हवेत त्या उंचीचे तारे आणखी फिके पडतात. हा कासवांच्या विणीचा किनारा; 'मोठा टॉर्च न्या' हा सल्ला तर छापायलाच नको होता. उजेडाने पिल्लं समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

जाता जाता, आमच्या गावात अलीकडे खांबांवर लागलेल्या पांढऱ्या एलईडी फोकसांबद्दलही लिहा. त्यांची तोंडं वर आहेत. निळसर पांढरा प्रकाश हवेत जास्त विखुरतो. पिवळसर, ३००० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका पिवळा) आतला दिवा वरून झाकला आणि खाली वळवला तर रस्ताही नीट दिसेल आणि आकाशही.

आपल्या अंकात सूर्यास्ताची वेळ रोज असते. शेजारी चंद्रोदय-चंद्रास्तही द्यावा आणि चोर्ल्याच्या तारखेची दुरुस्ती शनिवारआधी छापावी, ही विनंती.

— एक वाचक, वाळपई