नाबोथाच्या मळ्यावरून

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र आणि सोबतचा उपदेशाचा मसुदा, दोन्ही मिळालं. मसुदा दोनदा वाचला. विस्थापितांवर तुझ्या पुण्याच्या चर्चच्या मंडळीत बोलायचं तू ठरवलंस याचाच मला मोठा आनंद झाला. आपल्याकडे हा विषय उपदेशात फारसा येत नाही. आला तरी पॅलेस्टाईन, युक्रेन, सिरिया इथपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो. खटकलं ते मोकळेपणाने लिही असं तू म्हणालास, म्हणून लिहितो.

तू सगळं नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायावर उभं केलंयस. आपल्याला इथे कायमचं नगर नाही, आपण पुढे येणाऱ्या नगराची वाट पाहतो. त्यावरून तू म्हणतोस की घरदार, जमीनजुमला सुटल्याचं दुःख ख्रिस्ती माणसाने मनाला फार लावून घेऊ नये, कारण या जगात आपण सगळेच परदेशी आणि प्रवासी आहोत. वचन खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्याच्या नावावर घर आहे त्याने ज्याचं घर गेलं त्याला ते ऐकवलं, की त्याचं काय होतं? शिवाय त्याच्या आधीची दोन वचनं तू सोडलीस. येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं, म्हणून आपणही त्याचा अपमान सोशीत छावणीच्या बाहेर त्याच्याकडे जाऊ या, असं तिथे आधी म्हटलंय. कायमच्या नगराची गोष्ट त्यानंतर येते. म्हणजे ज्यांना बाहेर काढलं त्यांना गप्प बसवायला हे वचन लिहिलेलं नाही. जे आत बसलेत त्यांना ते बाहेर बोलावतं. तुझ्या उपदेशाची दिशाच यावर ठरेल असं मला वाटतं.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोद्याकडच्या एका पुनर्वसाहतीत आम्ही अधूनमधून प्रार्थनेला जातो. तिथे एक म्हातारी आजी येतात. त्यांचं मूळ गाव अक्कलकुव्याच्या डोंगरात, नर्मदेच्या काठी. सरदार सरोवराचं पाणी चढत गेलं तसं गाव खाली गेलं. आपल्या बाजूची तेहतीस गावं या धरणाच्या पाण्यात आली हे तुला माहीत आहेच. मणिबेली त्यातलं सगळ्यांत आधीचं. तर एकदा प्रार्थनेनंतर आमच्यापैकी एकाने आजींना स्वर्गातल्या घराबद्दल सांगितलं. तू लिहिलंयस जवळजवळ तसंच, आणि तेही मनापासून. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते घर देव देईल, मी मानते. पण माझ्या माणसाला जिथं पुरलं तिथं आता मासे फिरतात. मी मेल्यावर मला कुठं ठेवणार?"

त्यावर कोणीच काही बोललं नाही. मी घरी येऊन उत्पत्तीचा तेविसावा अध्याय उघडला. अब्राहामाला सगळा देश देण्याचं वचन मिळालेलं होतं, पण आयुष्यभर तो तंबूतच राहिला. सारा गेली तेव्हा तो हेथी लोकांपुढे उभा राहून म्हणाला, मी तुमच्यातला उपरा आणि परदेशी आहे, माझं मृत माणूस पुरायला मला जागा द्या. एफ्रोन फुकट द्यायला निघाला होता. अब्राहामाने ऐकलं नाही. चारशे शेकेल रुपं मोजून, वेशीतल्या सगळ्या लोकांसमोर, मकपेलाचं शेत त्याने त्यातल्या गुहेसकट आणि झाडांसकट विकत घेतलं. विश्वासणाऱ्यांच्या बापाने देवाच्या देशात घेतलेली ही पहिली जमीन, आणि ती कबरीसाठी. तो स्वर्गीय देशाची उत्कंठा धरणारा होता असं इब्री लोकांस पत्रच सांगतं. तरी त्याला बायकोची कबर पक्क्या हक्काने स्वतःची हवी होती. आजींचा प्रश्न तोच आहे. स्वर्गाची आशा धरणाऱ्याला मातीचा हक्क नको असतो, असं पवित्र शास्त्र कुठेच म्हणत नाही.

आता नाबोथाकडे येतो. १ राजे, अध्याय २१. मला विचारशील तर तुझा उपदेश इथूनच सुरू व्हायला हवा. नाबोथ इज्रेलकर याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. अहाबाचा प्रस्ताव पुन्हा नीट वाच: याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो, किंवा हवं तर रोख किंमत देतो. वरवर पाहता यात अन्याय काहीच नाही. जमिनीला जमीन, नाहीतर पैसा. १९७९ साली नर्मदा लवादाने निवाडा दिला तेव्हा जमीनधारक विस्थापित कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन द्यायचं ठरलं. आजही कुठल्याही प्रकल्पाच्या वेळी साहेब लोक हीच भाषा बोलतात. नाबोथ किंमत वाढवून मागत नाही. तो म्हणतो, माझ्या वाडवडिलांचं वतन मी तुला देणं, परमेश्वर करो आणि माझ्या हातून न घडो. त्याच्या लेखी ती जमीन राजाचीही नव्हती आणि पुरती त्याची स्वतःचीही नव्हती. लेवीयाच्या पुस्तकात देव म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे आणि पाहुणे आहात. म्हणूनच ती कायमची विकायची नाही. पाहुणेपणाची जी शिकवण तू जमीन सोडून देण्यासाठी वापरलीस, तिच्याच जोरावर लेवीयातला देव जमीन हिरावून घेणाऱ्याचा हात धरतो.

पुढचं तुला पाठ आहे. अहाबाची राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजाचा शिक्का मारला, दोन खोटे साक्षीदार उभे केले. सगळं कायद्याच्या वाटेने झालं. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. गावाबाहेर, हे ध्यानात ठेव. मग देवाने राजाला जाब विचारायला एलीया संदेष्ट्याला पाठवलं. उपदेशात हे येऊ दे. आपल्या मंडळ्यांत नाबोथावरचा उपदेश मी ऐकला तो ईजबेलच्या दुष्टपणावर. मळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

पण इथे आणखी एक अवघड गोष्ट आहे, आणि ती टाळून बोललास तर आपल्या भागातली जाणती माणसं तुझं ऐकणार नाहीत. नर्मदेकाठच्या लोकांना वसवायला तळोद्याचं जंगल मोकळं केलं. त्या जंगलात आधीपासून नांगर धरणारे आदिवासी होते. म्हणजे एकाला वसवायला दुसऱ्याला उठवायचं, आणि दोघेही आपलेच, दोघांकडेही धड कागद नाही. त्यामुळे 'वचनदत्त देश' हे शब्द तिथे तोंडातून काढताना मला धाकधूक होते. मिसरातून सुटलेले लोक ज्या देशात आले तिथे कनानी राहत होते. अमेरिकेतल्या एका मूलनिवासी अभ्यासकाने १९८९ साली हाच प्रश्न विचारला होता: निर्गमाची कथा कनान्याच्या डोळ्यांनी वाचली तर आम्ही त्यात कुठे आहोत? या प्रश्नाचं पुरतं समाधान करणारं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. एवढं मात्र दिसतं की त्याच नियमशास्त्रात देव वारंवार बजावतो, उपऱ्यावर जुलूम करू नका, तुम्हीही मिसरात उपरे होता. सुटका झालेल्याला देव त्याची जुनी हालत विसरू देत नाही.

तू विचारलंस, मग आपल्या वाडवडिलांना 'घर वरती आहे' हीच गाणी इतकी जवळची का वाटली. मला यामागे इतिहास दिसतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले. त्या मिशनचा संस्थापक फ्रेडरिक फ्रान्सन हा मूळचा स्वीडनचा. तिकडे दुष्काळ पडला त्या काळात, १८६९ साली, त्याचं कुटुंब समुद्र ओलांडून अमेरिकेत नेब्रास्काला गेलं. मिशन उभं राहिलं ते शिकागोत, १८९० साली, आणि त्याच्या मागे असेच देश सोडून आलेले लोक होते. मायदेश पुन्हा दिसणार नाही हे कळून चुकलेल्या माणसाने स्वर्गाला घर म्हटलं तर त्यात त्याचं सगळं रडू येतं. ती गाणी खरी होती आणि आपल्या आज्यांनी ती खऱ्या श्रद्धेने गायली. पण जहाजात बसून नवी जमीन शोधायला निघालेला माणूस आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीतून उठवलेला माणूस, यांच्या तोंडी तेच गाणं वेगळं ऐकू येतं. आपण दुसऱ्या माणसासाठी वेगळी गाणी रचायला हवी होती. ती अजूनही रचता येतील.

तू संयुक्त राष्ट्रांचा आकडा दिलास, २०२४ अखेर जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरीने विस्थापित. तो ठेव. पण लोकांना हेही सांग की तो युद्ध, छळ आणि हिंसाचारामुळे पळालेल्यांचा आकडा आहे. धरणाने उठवलेले आपले लोक त्यात धरलेले नाहीत. दिवाळी झाली की उचल घेऊन मुकादमाच्या मागे बारडोली, सुरतकडे ऊसतोडीला जाणारे तर कुठल्याच यादीत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडे त्यांची मोजदाद. ते जातात तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात, आणि आपली देवळंही ओस पडतात. नाताळ नेमका ऊसतोडीच्या भर हंगामात येतो. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी मंडळ्यांचा नाताळ गावात होतच नाही, तो गुजरातच्या पडावावर होतो.

गेल्या हंगामात मी अशा एका पडावावर नाताळला गेलो होतो. बारडोलीच्या पुढे, कालव्याकडेच्या पडीक शेतात पालं ठोकलेली. काळं प्लास्टिक, बांबू, आत तीन दगडांची चूल. त्यांचा पास्टरही कोयत्यावरच आलेला. दिवसभर ऊस तोडून हात चिरलेले, त्यांवर चिंध्या बांधलेल्या, आणि त्याच हातात त्याने पवित्र शास्त्र धरलं होतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर एक दिवा लावला. ढोल होता. गाणी मावची बोलीत. लूकचा दुसरा अध्याय वाचला. कैसराचा हुकूम सुटला आणि दिवस भरलेल्या बाईला घेऊन योसेफाला निघावं लागलं, हे वाचलं तेव्हा पुढे बसलेली एक गरोदर बाई शेजारणीकडे वळून बघायला लागली. कोणी अर्थ सांगितला नाही, गरजही नव्हती. पोप बारावे पायस यांनी १९५२ साली म्हटलं होतं की मिसरला पळालेलं नाझरेथचं कुटुंब हा प्रत्येक निर्वासित कुटुंबाचा नमुना आहे. हे तू मसुद्यात घेतलंयस, फार चांगलं केलंस. आपण कॅथलिक नसलो म्हणून ते वगळू नकोस.

त्या पालांत बसलो असताना मला मांडवांचा सण आठवला. शेतं पिकली, घरं झाली, तरी इस्राएलाने दरवर्षी सात दिवस मांडवात राहायचं होतं, म्हणजे देवाने आपल्या लोकांना कसं मांडवात ठेवलं होतं ते पुढच्या पिढ्यांना कळेल. घर असलेल्याने सात दिवस घराबाहेर झोपायचं, अशी ही आज्ञा आहे. पुण्याच्या मंडळीला सांगण्यासारखं हेच आहे बघ.

शेवटी यिर्मया संदेष्टा. बाबेलच्या बंदिवानांना त्याने लिहिलेलं पत्र तू घेतलंस, घरं बांधा, बागा लावा, त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. छान. पण त्याच यिर्मयाचा बत्तिसावा अध्यायही घे. यरुशलेमेला वेढा पडलाय, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, देश जाणार हे त्यानेच सांगितलंय. आणि अशा वेळी तो अनाथोथचं शेत चुलतभावाकडून सतरा शेकेल रुपं तोलून विकत घेतो. साक्षीदार बोलावतो, खरेदीखतावर शिक्का करतो, एक बंद प्रत, एक उघडी प्रत, आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो, ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरं, शेतं, मळे पुन्हा विकत घेतले जातील, असं देवाचं वचन होतं म्हणून.

आपल्याकडे वनहक्काचा दावा दाखल केलेल्या कुठल्याही घरात जा. २००६ चा कायदा आल्यापासून जमवलेले कागद, जुन्या दंडाच्या पावत्या, पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगलेलं असतं. उंदीर लागू नये, पाणी लागू नये म्हणून. आजींकडेही तशीच पिशवी आहे. त्यांनी ती मला उघडून दाखवली, एकेक कागद हातात दिला आणि परत त्याच क्रमाने घडी घालून ठेवला. लिहिता-वाचता येत नाही, पण कोणता कागद कशाचा हे त्यांना पाठ आहे. ती पिशवी जपणं हे अविश्वासाचं लक्षण आहे, जगावर जीव जडल्याचं लक्षण आहे, असं मंडळीत कोणी म्हणू नये एवढं तुझ्या उपदेशाने झालं तरी मी समाधानी होईन. यिर्मयाने तेच केलं होतं.

तर माझं मागणं असं. इब्री लोकांस पत्र काढू नकोस, पण ते शेवटी आण आणि बाराव्या वचनापासून वाच. सुरुवात नाबोथापासून कर. आणि उपदेश झाल्यावर मंडळीला एक काम दे. तुमच्याकडे नाक्यावर आणि बांधकामांवर धुळे-नंदुरबारची किती कुटुंबं आहेत ते शोधा, त्यांच्या पोरांच्या शाळेचं बघा, कोणी वारलं तर पुरायला तुमच्या कब्रस्थानात जागा द्याल का हे आधीच पंचांना विचारून ठेवा. हा प्रश्न पंचांच्या बैठकीत अवघड जाईल, मला कल्पना आहे. तरी विचार.

नाताळला घरी येणार असशील तर या वेळी नवापूरला उतरू नकोस, सरळ बारडोलीपर्यंत ये. मी स्टेशनवर असेन. वहिनींना आणि मुलांना सलाम सांग. मसुदा बदलून झाला की पाठव.

तुझा,
नवापूरचा मित्र